पेशंटसोबत कोण आहे?

आमच्या गावात कोणी दवाखान्यात भरती होणार असलं की पिशवीत आधी थर्मास जातो, मग चादर जाते, आणि गाडीत पेशंटच्याही आधी भागीरथाकाकू जाऊन बसते. गाव हायवेवरच्या जामच्या जवळ, आणि सावंगीचा मोठा दवाखाना तासाभराच्या वाटेवर. तेवढ्या वेळात काकू पेशंटला दम देऊन निम्मा बरा करते.

तिचा नवरा गुलाबराव बरेच दिवस तिथे भरती होता, आणि गेला तोही तिथूनच. काकू एकटी परत आली, पण दवाखान्याचा कोपरान्‌कोपरा पाठ करून आली. मूलबाळ नाही, शेत ठेक्याने दिलेलं. पुढे शेजारच्या चिंधूचा पाय मोडला. घरचे सगळे सोंगणीत अडकलेले, आणि दवाखान्यात सोबत माणूस तर पाहिजेच. काकू गेली. तेव्हापासून गावाने तिला जे गृहीत धरलं, ते धरलंच.

काकू प्रेमळ वगैरे आहे असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा मी जरा कण्हलो, तर म्हणाली, "हळू कन्ह. बाजूच्याचं ऑपरेशन तुह्याहून मोठं हाये, पहिला हक्क त्याचा." माझ्या वाट्याचा उपमा तिने त्या बाजूच्याच्या आईला खाऊ घातला, आणि वर मला सांगितलं, की तुले आता पचनार नाई. पण रात्री माझी सलाईन संपत आली की मला जाग यायच्या आत ती सिस्टरला घेऊन आलेली असायची. झोपायची कधी, कोण जाणे.

गेल्या दिवाळीत तिचा पुतण्या धनंजय अमेरिकेहून आला. लाडू खायला आला असं सगळ्यांना वाटलं, पण लाडू त्याला बंदच होते. पित्ताशयात खडे झाले होते, आणि ऑपरेशन करायला तो सावंगीला आला होता. आता ज्या देशात जायला आमची पोरं जीव टाकतात, त्या देशातून एक माणूस ऑपरेशनसाठी विमानाने इकडे येतो, ही गोष्ट गावाच्या पचनी पडेना. जामच्या चौकात चहाच्या टपरीवर रामाजीने त्याला धरलंच. रामाजी एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर, त्याला वेळच वेळ.

"तेथी काय सोन्याचा चाकू वापरतेत का बापा?"

"चाकू तोच," धनंजय म्हणाला. "पण दवाखाना एक भाव सांगतो, विमा कंपनी दुसराच मानते. त्यांची घासाघीस करायला दोन्हीकडे खुर्च्या भरून माणसं बसलेली, त्यांचे पगार बिलातून. डॉक्टर कर्ज काढून शिकलेला, त्यात कोर्टाची भीती, म्हणून चार तपासण्या जास्तच. आणि विमा असला तरी बिलातली सुरुवातीची मोठी रक्कम आपल्याच खिशातून जाते."

"अन् इंग्लंडात?"

"तिथं सरकारच मोठं गिऱ्हाईक, ते भाव पाडून घेते. पेशंटला बिल नाही, पण नंबर लागेपर्यंत थांबा. जपानमध्ये सरकार देशभर एकच भाव ठरवून देते."

"म्हंजे कापसाच्या हमीभावासारखं," रामाजी म्हणाला.

"तेथी तो भेटते," मागून चिंधू बोलला, आणि टपरी हसली.

आपल्याकडे स्वस्त का, याचं उत्तर धनंजयने पगार कमी, एकेका डॉक्टरमागे पेशंट फार, असं काहीतरी दिलं. पण खरं उत्तर त्याला ऑपरेशन झाल्यावर खाटेवर पडल्या पडल्या दिसलं. काकू त्याच्या रक्ताची बाटली खाली तपासायला देऊन आली. औषधं आणली. त्याला धरून संडासला नेलं, भात भरवला, अंग पुसलं, आणि मधल्या वेळात समोरच्या खाटेवरच्या म्हातारीची वेणी घालून दिली.

मी डबा घेऊन गेलो तेव्हा तो म्हणत होता, "काकू, तू एकटी जे करतेस ना, त्याला तिकडे पाच पगारी माणसं लागतात. आपल्या बिलात तू धरलेलीच नाहीस."

काकूला त्या हिशेबात काडीचा रस नव्हता. तिने वेगळंच विचारलं. "मंग तेथी पेशंटजवळ रातभर कोन बसते?"

"कोणी नाही. घरचे भेटून जातात. उशाशी बटण असते. दाबलं की नर्स येते."

"बटन?"

तिने त्याची उशी उचलून खाली पाहिलं, जणू इथेही एखादं असेल. 

तेवढ्यात राउंडला आलेल्या डॉक्टर आकांक्षाबाई थबकल्या आणि धनंजयला सोडून काकूवरच घसरल्या. "मावशी, तुमच्या हर्नियाची तारीख कधी घेताय? वर्ष होत आलं. आतडं अडकलं तर धावपळ होईल, जिवावर बेतेल."

"कापूस होऊ द्या बाई," काकू म्हणाली.

कापूस! शेत ठेक्याने दिलेल्या बाईला कसला आलाय कापूस? वर्षभर पोटाशी हात दाबून ही बाई दुसऱ्यांची बोचकी उचलत होती, आणि आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. मला स्वतःचाच राग आला.

खरं कारण तिने माझ्या बायकोला, मंजुषाला सांगितलं. "तेथी दारातच विचारतेत, सोबत कोन हाये म्हनून. मी काय सांगू वं? ज्याचे त्याचे लेकरंबाळं, कामधंदे."

धनंजयला हे कळल्यावर त्याने तिकडचा उपाय काढला. पैसे देऊन बाई लावू, रात्रंदिवस थांबेल. काकूने त्याला असं काही झापलं, की टाके ओले असताना बिचारा उठून बसला. "मी काय लावारीस हाव का? भाड्याचं मानूस आनतो मले?"

त्याची सुट्टी संपत आली होती. दोन दिवस तो नुसता अंगणात फेऱ्या मारत होता. मग एका सकाळी तिच्या ओसरीवर जाऊन बसला. मी तिथेच होतो.

"तिकीट पुढं ढकललं. पगार कापतील, कापू दे. तारीख घेतली तुझी. मी बसतो तुझ्याजवळ."

"तुले काय येते रे? औषधाची खिडकी कोनीकडे हाये, ठाऊक तरी हाये का?"

"नाही. तू सांगशील ना पडल्या पडल्या."

या एका गोष्टीने काकू विरघळली असावी. पडल्या पडल्या हुकूम सोडायला मिळणार, ही सोय तिच्या आधी लक्षात आली नव्हती. तरी गाडीत बसेपर्यंत तिचं चाललंच होतं, की पुढच्या महिन्यात जाऊ, घाई काय हाये.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि मंजुषा मागून गेलो. वॉर्डापाशी पोचलो तर रामाजी तिथे आधीच हजर. चिंधू लंगडत जिना चढून आलेला. आणखी चार-पाच जण, ज्यांच्या ज्यांच्या उशाशी कधी ना कधी ती बसली होती. हंगामाचे दिवस, वेचणी टाकून आलेले. प्रत्येकाच्या हातात थर्मास.

काकूला हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर घेतलं होतं. सिस्टर सोबतच्या माणसाचा पास घेऊन दारात आली आणि रोजच्या आवाजात ओरडली, "भागीरथाबाईंसोबत कोण आहे?"

स्ट्रेचरवरून हात वर गेला. "मी हाव."

"मावशी, तुम्ही पेशंट आहात आज," सिस्टर म्हणाली.

काकूने हात खाली घेतला. इतक्या वर्षांची सवय, तिला तरी काय बोलणार?

"मी आहे," धनंजय म्हणाला.

"मी बी हाव," चिंधू म्हणाला. रामाजीने त्याला मागे ओढलं, की तुह्या पायानं तू काय धावशीन, पास मले दे. मंजुषा म्हणाली, बाईमाणसाजवळ बाईमाणूसच पाहिजे. सिस्टर सांगत होती की पास एकच आहे, पण ऐकायला कोणी रिकामं नव्हतं. वॉर्डाच्या दारात चांगलीच जुंपली.

काकूने तेवढ्यात चादर डोक्यावरून ओढून घेतली. चादर हलत होती. मला वाटलं, हसते आहे. मंजुषा म्हणते, ती हसत नव्हती.