थोरल्या जावयांची जुनी ओळ

थोरले जावई हे नाव आमच्या ऑफिसानेच ठेवलं. गेल्या वर्षी त्यांचे साडू समोरच्याच टेबलावर नोकरीला आले आणि तेव्हापासून एक थोरले, एक धाकटे. सासूबाई हल्ली फोनवर आधी धाकट्यांची चौकशी करतात, हे मला थोरल्यांनीच सांगितलं. तेही तीन वेळा.

थोरल्यांनी नऊ वर्षांपूर्वी एक टूल लिहिलं. प्रोग्रॅममधलं एखादं नाव बदलायचं असलं की ते सगळीकडे शोधून बदलतं. सोमवारी त्याने घोळ घातला. बिलांच्या विभागातल्या 'तपासणी'चं नाव बदलायला सांगितलं, तर गोदामाच्या विभागातली 'तपासणी'सुद्धा बदलून बसलं. दोन घरांत एकाच नावाची माणसं असावीत आणि पोस्टमनने घर बघूच नये, तसं. साहेब म्हणाले, टूल यापुढे कोणाकडे ठेवायचं ते गुरुवारी ठरवू.

थोरले खुलले. सहा महिने धाकटेच त्यात हात घालत होते, म्हणजे चूक त्यांचीच. दोन दिवस त्यांनी धाकट्यांची ओळ न् ओळ चाळली. काही निघेना, म्हणून बुधवारी जुन्या भागात शिरले आणि सापडली: नावापुढचं विभागाचं नाव छाटून टाकणारी एकच ओळ. कोणी लिहिली म्हणून नोंद उघडली, तर स्वतःच. वर शेरा: 'तात्पुरतं. नंतर बघू.'

मी चहा घेऊन मागेच उभा होतो. मुद्दाम नाही हो.

खरी गंमत पुढेच. धाकट्यांनी सोमवारीच दुरुस्ती करून ती थोरल्यांच्या मंजुरीला पाठवली होती. पण धाकट्यांचं काम तीन दिवस ताटकळत ठेवायचं हा थोरल्यांचा नेम. आता उघडली. चूक कोणाची, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. तासभर खोड शोधून थोरल्यांनी दात-ओठ खात मंजुरी दिली.

गुरुवारी साहेबांनी विचारलं, कोणी शोधलं? थोरले घसा खाकरताहेत तोवर धाकटे म्हणाले, "दादांनीच. त्या टूलची नस त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक?"

टूल थोरल्यांकडेच राहिलं. बातमी घरी पोचलीच; संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "धाकट्यांचं मन किती मोठं, नाही?"

"टूल गेलं असतं तर परवडलं असतं," थोरले मला म्हणाले.

शुक्रवारी धाकट्यांचं नवं काम मंजुरीला आलंय. आज बुधवार. अजून पडून आहे.