एवढा परिच्छेद संपू दे

काल पार्सलवाल्यानं दारात पुस्तक हातात दिलं, आणि त्याच्यासमोरच प्लास्टिक फाडून मी उभ्याउभ्या सगळी पानं चाळायला लागले.

ही सवय सदूकाकांची. पेठेतल्या त्यांच्या दुकानात पुस्तक देण्याआधी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळत, मध्ये कोरी पानं तर राहिली नाहीत ना, हे बघायला. पण एखाद्या ओळीवर त्यांचा अंगठा थांबायचा आणि गिऱ्हाईक समोर उभं आहे हेच ते विसरायचे. "काका, द्या की!" म्हटलं की ओशाळून म्हणायचे, "थांब गं, एवढा परिच्छेद संपू दे."

तेव्हा मला भारी राग यायचा. आता तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तिथला माणूस चटकन वस्तू देतो, बोलतोही गोड. पण स्वतःच्याच मालात हरवलेला तो कधी दिसला नाही. विकायची वस्तू ज्याच्या हातून सुटत नाही असा दुकानदार मला लहानपणी भेटला, हे केवढं भाग्य!

"मॅडम, ओटीपी सांगता ना?" पार्सलवाल्यानं बहुधा तिसऱ्यांदा विचारलं.

माझा अंगठा बावन्नाव्या पानावर होता.

"थांबा हो जरा," मी म्हटलं, "एवढा परिच्छेद संपू दे."