लालाखालचं पिवळं

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात शाईनं भरलेले होते. जिंतूरच्या माझ्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात मी फ्रेम धूत होतो. कोपरानंच फोन उचलला आणि सुधाकरची मंजू म्हणाली, "काका, पप्पा गेले. चहा घेता घेताच." तिच्या लग्नपत्रिकेची लाल फाइल पाठवतो, असं तो आदल्या दिवशीच बोलला होता... मी वेड्यासारखा पुढे कितीतरी वेळ त्या फाइलीचीच वाट बघत राहिलो.

सुधाकर परभणीत बसून चित्रांचे रंग वेगळे करायचा. पत्रिकेत तीन रंग असले की तिच्या तीन फाइली. पिवळ्या फाइलीत फक्त पिवळं, लाल फाइलीत फक्त लाल. ऑफसेटच्या पोस्टरला चार. रंग कोणताही असो, छपाईच्या पारदर्शक फिल्मवर मात्र तो काळाच निघतो. "रंगाचा धंदा अन् दिवसभर काळंच बघायलोय," म्हणून हसायचा. पूर्वी फिल्मांची गुंडाळी एसटीच्या ड्रायव्हरजवळ यायची आणि आत हमखास बडीशेपेची पुडी असायची. पुढे फाइली मोबाइलवर यायला लागल्या, पुडी बंद झाली. त्यावरून मी त्याला कैकदा टोमणे मारले.

आमचं भांडण मात्र एकाच गोष्टीवरून. दोन रंग भेटतात तिथं तो एक रंग दुसऱ्याच्या खाली किंचित सरकवायचा. छापल्यावर त्या कडेला शाईचा बारीक उंचवटा यायचा, बोटाला लागायचा. मी कुरकुरलो की म्हणायचा, "लागू दे की. कागद हालतो, फ्रेम हालती, तुझा हात तर लयच हालतो. खालून थोडं धरून ठेवलं न्हाई तर मधी पांढरं दिसतंय, गजा." मला गजा म्हणणारं आता कुणी उरलं नाही.

ठरलेलं लग्न पुढे ढकलायचं नाही, असं वहिनींनी सांगितलं. पिवळी आणि काळी फाइल झाली होती, लाल राहिली होती. दुसऱ्याकडून सगळंच नवं करून घ्या, असं पाहुणे म्हणत होते. मंजूला पत्रिका पप्पांचीच हवी होती. तेराव्यानंतर मी परभणीला गेलो. त्याच्या खुर्चीवर ती बसली, शेजारी मी. काळ्या फाइलीत वधूपिता म्हणून त्याचं नाव होतं. त्या नावाआधी 'कै.' जोडताना तिचा हात थांबला... ते मी टाइप केलं, एका बोटानं.

मग राहिला पत्रिकेवरचा लाल गणपती. "काका, कड किती वाढवायची? पप्पा कसं करायचे?" माझं काम छापण्याचं. हे सगळं त्याच्याकडं असायचं. तिनं पिवळी फाइल मोठी करून पाहिली. पिवळ्या प्रभावळीत गणपतीसाठी जागा मोकळी सोडलेली होती, पण गणपतीपेक्षा जराशी लहान. पिवळं त्यानं आधीच चारी बाजूंनी आत सरकवून ठेवलं होतं.

"काईच वाढवायचं न्हाई, बाळा," मी म्हणालो. "तू नुसतं लाल ठेव. खालून त्यानं धरलंय."

लग्न झालं, मंजू सोनपेठला नांदायला गेली. एक पत्रिका माझ्या टेबलावर असते. काचेखाली घाला, खराब होईल, असं घरचे म्हणतात. पण काचेखाली ती नुसती दिसेल. सकाळी दुकान उघडलं की मी गणपतीच्या कडेवरून अंगठा फिरवतो... उंचवटा लागतो.