उन्हाळ्यात सगळीच घरं शहाणी

आमचे सासरे घर बघायला जायचे ते भर पावसातच. बाकीचं जग दिवाळी आटोपली की घरं बघायला निघतं. आमच्या किनाऱ्यावर मुंबईची माणसं हिवाळ्या-उन्हाळ्यात येतात, छान ऊन पडलेलं असतं, दलाल शहाळं फोडून हातात देतो आणि जुनं कौलारू घर बघून येणाऱ्याचं मन विरघळतं. भाऊंकडे असं कोणी मार्चात आलं, तर ते शांतपणे आषाढात यायला सांगायचे. तोवर घर हातचं जाईल म्हणून समोरचा काकुळतीला आला, तरी भाऊ ढिम्म. "उन्हाळ्यात सगळीच घरं शहाणी असतात," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

भाऊ बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. अख्खा जन्म साकव, शाळा आणि सरकारी दवाखाने बांधण्यात गेला. निवृत्तीनंतर थळपासून आवासपर्यंत कुठलंही जुनं घर विक्रीला निघालं, की घेणारा त्यांना शोधत अलिबागला आमच्या फ्लॅटवर यायचा. घर टिकेल की नाही, डागडुजी करावी की पाडावं, हे भाऊंनी सांगायचं. विकणाऱ्याची बाजू घेत नसत आणि घेणाऱ्याचीही नाही. त्यामुळे दलाल त्यांच्या नावाने बोटं मोडायचे आणि स्वतःसाठी घर घ्यायची वेळ आली की गुपचूप त्यांनाच बोलावायचे.

त्यांचा एक नियम फार कडक होता. घर बघून मत सांगेपर्यंत त्या घरातलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. चिंब भिजलेला म्हातारा माणूस बघून मालकीणबाई आल्याचा चहा पुढे करायच्या आणि भाऊ हात जोडून नको म्हणायचे. मी एकदा त्यांना म्हटलंसुद्धा, की भाऊ, असं बरं दिसत नाही, लोकांना वाटतं तुम्ही शिष्ट आहात. त्यावर म्हणाले, "सूनबाई, चहा पोटात गेला की वाकडी भिंत सरळ दिसायला लागते." मला ते पटलं. नियमामागे आणखी काही असेल असं तेव्हा मनातही आलं नाही.

घरात शिरले की आधी सगळी कपाटं उघडायचे आणि त्यात नाक खुपसायचे. बंद कपाटाच्या वासावरून ओल कुठून येते ते त्यांना कळायचं म्हणे. ही खोड इतकी अंगात भिनलेली, की मला बघायला माणगावला आले तेव्हाही सुटली नाही. माझे वडील नोकरीचं, शिक्षणाचं बोलत होते आणि भाऊ त्यांच्या पाठीमागच्या भिंतीकडे टक लावून. मी पोहे घेऊन बाहेर आले, तर माझ्याकडे बघायच्या ऐवजी वडिलांना म्हणाले, तुमच्या मोरीचं पाणी या भिंतीत मुरतंय. झालं, माझी आई आत जाऊन रडायला लागली. पुढच्या रविवारी हा माणूस सिमेंटची पिशवी घेऊन एकटाच दारात हजर. दिवसभर बसून मोरी नीट केली, जेवून उठले आणि जाताना सांगितलं की मुलगी पसंत आहे. लग्नानंतर मी हा किस्सा चारचौघांत सांगितला की ते गालात हसायचे. माझ्या माहेरची ती भिंत अजून कोरडी आहे.

अशा माणसाच्या मुलाला घर घ्यायचं होतं आणि तेही किहीमला. किहीमच्या वेशीवरची बुद्धवाडी हे भाऊंचं जन्मगाव. त्यांच्या लहानपणी गावात नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांत ब्राह्मण-प्रभूंची चौसोपी घरं होती. आता तिथे उंच कुंपणं आहेत, फाटकावर कॅमेरे आहेत आणि आत कोण राहतं ते शेजाऱ्यालाही माहीत नसतं. आमच्यासारख्या तहसील कचेरीतला कारकून आणि प्राथमिक शिक्षिका अशा जोडप्याने तिकडे बघायचंही कारण नव्हतं. पण त्याच जुन्या घरांपैकी नलिनीताईंचं घर विक्रीला निघालं. त्या एकट्याच उरल्या होत्या आणि मुलीकडे पुण्याला जाणार होत्या. घर पाडून तिथे पोहण्याचा तलाव करणाऱ्याला ते द्यायचं नाही, राहणाऱ्याला द्यायचं, मग दोन पैसे कमी आले तरी चालतील, असं त्यांच्या मनात होतं. फ्लॅट विकून आणि दोघांच्या पगारावर कर्ज काढून ते आमच्या आवाक्यात येत होतं. माझ्या नवऱ्याने त्या घराचा ध्यासच घेतला. नलिनीताईंनी श्रावण संपेपर्यंत थांबायचं कबूल केलं.

भाऊंना बघायला चला म्हटलं तेव्हा ते नको म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. गटारीच्या आधी एके दिवशी पाऊस नुसता कोसळत होता, तेव्हा स्वतःच छत्री घेऊन उभे राहिले. नलिनीताईंनी दारात स्वागत केलं आणि आपण कुठले म्हणून विचारलं. भाऊ म्हणाले, "इथलाच. वाडीतला." बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग लगबगीने आत जाऊन चहा घेऊन आल्या. भाऊंनी नेहमीसारखे हात जोडले. मी घाईघाईने सांगायला लागले की त्यांचा नियमच आहे, कुठेच घेत नाहीत, पण बाईंनी मान खाली घातली होती आणि माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

त्या दिवशी भाऊंनी कपाटं उघडली नाहीत. माजघरात नुसते उभे राहिले, मग मागच्या अंगणात गेले आणि तिथे पावसात बराच वेळ थांबले. परत आले तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला खाऱ्या हवेने लोणा लागलाय, वासे वाळवीने खाल्लेत, मागची भिंत पोट काढून उभी आहे, असं एका दमात सांगून मोकळे झाले. "घेऊ नका," म्हणाले आणि आमची वाट न बघता रस्त्याला लागले.

त्यानंतरचे घरातले दिवस मला आठवले तरी नको वाटतात. माझा नवरा बापाला उलटून बोलणारा नाही, पण तो जेवायला वेगळा बसायला लागला. मला भाऊंचा राग आला होता आणि तो मी भांड्यांवर काढत होते. एवढ्या लोकांना घरं मिळवून दिली आणि पोटच्या पोराच्या वेळी भिंतीने पोट काढलं. नलिनीताईंना नाही म्हणून कळवलं होतं आणि मुंबईचं एक गिऱ्हाईक त्यांच्याकडे चकरा मारत होतं.

एका सकाळी मी शाळेत निघाले, तर भाऊ दारात चपला घालून उभे. स्टँडपर्यंत येतो म्हणाले. एसटी लागलेली असताना म्हणाले, "सूनबाई, त्या घराचं माझं मत धरू नका. मी भिंत बघतच नव्हतो. माझी आई कुठे बसायची ते बघत होतो."

मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांची आई त्या घरामागच्या वाडीत नारळाची झापं विणायला जायची आणि शाळा सुटली की हा मुलगा तिच्याकडे. दुपारी मागच्या दारातून चहा यायचा तो करवंटीत, वरून ओतलेला. चहा चांगला असायचा, दूध भरपूर असायचं, हेही त्यांनी सांगितलं. तो माणूस खोटं बोलत नव्हता, अगदी त्याही बाबतीत. आई करवंटी धुऊन कुंपणात खोचून ठेवायची, उद्यासाठी. माझी एसटी निघून गेली. मी तिथेच रडले आणि लोक बघत होते तरी मला काही वाटलं नाही.

पुढे भाऊंनी जे केलं ते करायला छाती लागते. अलिबागला एक इंजिनिअर बाई आहेत, बँकांसाठी घरं तपासतात. भिंतीला यंत्र लावून ओल मोजतात म्हणून भाऊ त्यांना यंत्रवाली बाई म्हणायचे आणि त्यांचं नाव निघालं की नाक मुरडायचे. त्यांच्याच घरी गेले आणि म्हणाले, माझी नजर त्या घरात चालत नाही, तुम्ही बघा. बाईंना आधी थट्टाच वाटली. त्यांनी घर बघितलं तेव्हा भाऊ सोबत गेले आणि शाळेतल्या मुलासारखे मागे उभे राहून ऐकत होते. पश्चिमेच्या खांबांचे पाय बदलावे लागतील, काही वासे नवे घालावे लागतील, मागच्या भिंतीचा फुगा फार जुना आहे आणि तो आता वाढत नाही. बाकी घर नातवंडांना पुरेल, असं बाई म्हणाल्या. भाऊंनी स्वतः हात फिरवून एकेक गोष्ट पडताळली आणि त्यांना म्हणाले की तुमचं बरोबर आहे.

परतताना त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, चूक निघाली म्हणून वाईट वाटलं असेल. तसं बोलूनही दाखवलं. भाऊ म्हणाले, "चुकीचं काय एवढं? घर फार मन लावून बांधलंय, सूनबाई. कुठे हात आखडलेला नाही. कुजकं निघालं असतं तर मला सोपं गेलं असतं."

त्याच संध्याकाळी ते एकटे नलिनीताईंकडे गेले. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. मुंबईच्या गिऱ्हाइकाला नकार गेला आणि घर आमचं झालं, एवढं खरं. खांबांचे पाय बदलताना भाऊ दिवसभर सुतारांच्या डोक्यावर बसून असत. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःसाठी ओटीलगतची खोली घेतली. आमची मुलं हाका मारत आतबाहेर पळायची, भिंतीवर रंग उडवायची आणि भाऊ त्यांना रागवायचे नाहीत. मागच्या अंगणात मात्र त्यांना बसलेलं मी कधी बघितलं नाही. मी तिथे तुळस लावू का, मोगरा लावू का, असं विचारलं, तर तुम्हाला हवं ते लावा म्हणाले. मी मोगरा लावला.

भाऊ गेले ते त्याच घरात, दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात, दुपारी झोपेतच. त्यांना माजघरात ठेवलं होतं. पुढचं अंगण माणसांनी भरलं. त्यांनी ज्यांना घरं घ्यायला लावली ते आले, ज्यांना घेऊ दिली नाहीत तेही आले. यंत्रवाल्या बाई ओटीवर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. बुद्धवाडीतली माणसं पांढरे कपडे घालून आली आणि त्यांनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली.

पाणी आणायला मी स्वयंपाकघरात गेले, तर मागच्या अंगणात पावसात काही म्हाताऱ्या बायका उभ्या. वाडीतल्याच. सगळ्यांत पुढे भागीआत्या, भाऊंच्या आईबरोबर झापं विणणारी, आता पाठीतून वाकलेली. त्यांना मागे जा असं कोणी सांगितलं नव्हतं. पायांना या घराची तेवढीच वाट माहीत होती, ते आपोआप तिकडे वळले होते. मी दार पूर्ण उघडलं आणि आत या म्हटलं. आत्याने आधी पाय पदराने पुसले. उंबऱ्याशी थबकली आणि पुढून येतो म्हणाली. मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. चुलीच्या ओट्याला, देवळीला, डब्यांच्या फळीला अंग लागू नये म्हणून चोरून घेत ती स्वयंपाकघरातून चालली. तिच्यामागून बाकीच्या.

माजघरात आल्यावर तिने मान वर करून तुळयांकडे पाहिलं, मग भाऊंकडे. त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि उशाशी टेकली. सगळे डोळे मिटून होते. माझ्या कानाशी लागून तिने हळूच विचारलं, "बाय, ह्ये घर आतून इतकं मोठं हाय व्हय?"