रुमालाखाली बी.ए.

मालकांनी माझ्या हातावर रुमाल टाकला आणि वखारीतली सगळी माणसं हसली. मी बी हसलो. त्या माझ्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

निपाणीतली तंबाखूची वखार. सकाळची वेळ. मी वजनाच्या काट्यापाशी उभा, उघडाबंब, अंगभर तंबाखूची धूळ, नाकाला फडकं. आठ दिवसांपूर्वी माझा मॅट्रिकचा निकाल लागलेला. आमच्या महारवाड्यात तोवर मॅट्रिक कुणीच झालं न्हवतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, मधी दोन वर्षं शाळा सुटलेली. गादीवर मालक बसलेले, त्यांच्या शेजारी बेळगावचे एक वकील. बेळगावात नवं कॉलेज निघालं होतं, त्याच्या कमिटीवर हे वकील होते. परगावचे तीन-चार व्यापारी माल बघायला आलेले. खाली वीस-पंचवीस बायका तंबाखू चाळत बसलेल्या, त्यांत माझी आई.

"ये रं, पुढं ये," मालक म्हणाले. "बघा वकीलसाहेब, हे आमचं मॅट्रिक."

वकिलांनी इंग्रजी पेपर जमिनीवर ठेवला आणि पाय मागं घेतले. मी उचलला. वाचून दाखवला. एक व्यापारी म्हणाला, "कुठं अडखळलं न्हाय बघा." दुसऱ्यानं विचारलं, "भाव काय?" आणि हशा पिकला.

तंबाखूचा सौदा तिथं तोंडानं होत न्हवता. घेणारा-देणारा हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायचे. किती बोटं धरली, कुठं धरली, त्यावर भाव. बाजूला दहा माणसं उभी असली तरी कुणाला कळायचं न्हाय. शेवटी पंजा दाबला की सौदा पक्का. कागद न्हाय, साक्षीदार न्हाय. पण दाबलेला पंजा फिरवणाऱ्याला बाजारात कुणी उभं करत न्हवतं.

आधी मालक आणि वकील यांनीच गंमत केली. दोघांचे हात रुमालाखाली. वकील म्हणाले, "चार वर्षांनी बी.ए. होईल. तेव्हाचा भाव धरा, मालक!" व्यापारी मांडीवर थापा मारून हसले. मग मालक माझ्याकडं वळले, रुमाल माझ्या हातावर टाकला आणि खालून त्यांचा हात आत आला.

ह्या माणसानं माझ्या हातातनं कधी विस्तवाचा निखारा घेतला न्हवता. त्यानं माझा हात धरला. मऊ हात होता, उबदार. माझी चार बोटं धरली आणि म्हणाले, "बी.ए. करतो तुला. बेळगावला. सगळा खर्च माझा. काय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, आलं. मी त्यांचा पंजा दोन्ही हातांनी दाबला, देवाचे पाय धरावेत तसा.

"झाला सौदा!" एक व्यापारी ओरडला.

वकील पान लावत म्हणाले, "बरं झालं. लोकल बोर्डातल्या राखीव जागेवर बसून मताला वर करायला एक शिकलेला हात मिळाला." मला ती माझी तारीफ वाटली. मालक उठून मागच्या अंगणात गेले आणि तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला. मी मनाशी म्हणालो, तंबाखूचे हात धुत असतील. त्या सकाळी मालकांनी तंबाखूला हातच लावला न्हवता.

घरी आलो ते नाचतच. आई भाकरी थापत होती.

"आये, मालकांनी माझा हात धरला! सगळ्यांदेखत!"

"म्या बघितलं. उघडा धरला का झाकून?"

"रुमाल होता."

"म्हंजे झाकून धरला. दिसू ने म्हणून धरला." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आन् तू काय दिलंस त्येला?"

"काय न्हाय. नुसता पंजा दाबला."

आईचा हात पिठात तसाच राहिला. "आरं माझ्या लेका, सुट्टी पडली की त्या काट्यावर उभा ऱ्हातोस. पंजा दाबल्यावर काय हुतंय, तुला म्हाईत न्हाय?"

खरंच, वखारीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. मी दुसऱ्याचे शंभर सौदे बघितले होते. माझ्यावर वेळ आली तेव्हा मला वाटलं, हा मान हाय.

"पर आये, बी.ए. करतो म्हणालेत."

"बोकडाला पाला का घालत्यात, त्येचा इचार कर," आई म्हणाली. "जेव आता."

त्या दिवसापासनं माझ्या मनात संशयाची अळी शिरली. मालकाचा संशय. वकिलाचा संशय. खुद्द बी.ए.चा बी संशय. चार वर्षं म्हंजे थोडी न्हवं. चार वर्षं घरात माझी मजुरी येणार न्हाय. आईला रात्रभर खोकला, डोळे कायम लाल. आणि हे सगळं सोसून मिळणार काय? गल्लीत जो तो सांगायचा, बी.ए. झालास की मामलेदार होशील. पण सांगणाऱ्यातल्या एकानंही बी.ए. झालेला आपला माणूस बघितला न्हवता. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? बेळगावात आमच्यातला एक जण बी.ए. झालाय, कचेरीत नोकरीला हाय, एवढं ऐकून होतो. तिथली आपली माणसं त्याला बी.ए.अण्णा म्हणायची. रविवारी सर्व्हिस मोटार धरली आणि गेलो.

तिथं खासबाग भागात एका विणकराच्या घरामागं त्याची खोली. बाहेर माग खटखट वाजत होता. अण्णानं मला आत घेतलं आणि दार लावलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "घरमालकाला मी मराठा म्हणून सांगितलंय."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. बी.ए.चा कागद भिंतीवर काचेत लावलेला. त्याच्याखाली हा माणूस जात लपवून हळू बोलत होता. मनात म्हटलं, ह्यासाठी चार वर्षं?

"अण्णा, बी.ए. होऊन काय मिळालं? खरं सांगा."

"खुर्ची मिळाली. कोपऱ्यात हाय, पण हाय. पाण्याचा तांब्या वेगळा मिळाला. पगार मिळतो, त्यात गावाकडं सहा माणसं जेवतात." त्यानं भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. "आणि आपला एखादा माणूस कचेरीत कागद घेऊन आला, तर त्याला कुणी फसवायच्या आधी मी तो वाचून दाखवतो."

"बस?"

"बस. तुला थोडं वाटतंय व्हय? आधी कोण वाचत होतं?"

तरी माझा संशय जाईना. वाटलं, दुसरा बी.ए. झाला तर याचा भाव उतरेल, म्हणून हा मला घाबरवतोय. माणूस एकदा फसला की सगळ्यांचेच हात हुंगत सुटतो.

"तुझा खर्च कोण करतोय?" त्यानं विचारलं.

"वखारीचे मालक. सगळी फी भरणार हाईत."

अण्णा मोठ्यानं हसला. हळू बोल म्हणणारा माणूस, खो खो हसला. "कसली फी? आपल्या पोरांना फी माफ हाय रं! सरकारचा हुकूम हाय. वर स्कॉलरशिप बी हाय. पोटभर न्हाय, पण मिळते. शाळेत फॉर्म येतो, हेडमास्तरची सही घेऊन जायचा. तुला दिला न्हाय?"

"न्हाय."

"आणि कॉलेजच्या कमिटीवरचे वकील तिथं बसले होते म्हणतोस? त्यांना ठाऊक नसंल व्हय?"

मी त्याचं बी ऐकलं न्हाय. म्हटलं, दाखवा. त्यानं ट्रंक उघडून हुकुमाची नक्कल काढली. मी ती तीनदा वाचली. वखारीत ज्या इंग्रजीत पेपर वाचून मी वाहवा घेतली होती, त्याच इंग्रजीत होती. खर्च माझा म्हणून मालकानं ज्याचा सौदा केला, ते मला आधीच मिळालेलं होतं. माझंच मला विकलं, आणि त्या बदल्यात मला विकत घेतलं. परतीची मोटार धरली. राग मालकाचा होता, पण जास्त माझा मलाच आला होता.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडं गेलो. ते म्हणाले, "फॉर्म? तो मालकांनी नेला. तुझं सगळं तेच बघणार म्हणाले. नशीबवान आहेस."

तिथनं तडक वखारीत. तशीच सकाळ, गादीवर मालक, दोन व्यापारी, बायका चाळायला बसलेल्या. मी काट्यापाशी थांबलो न्हाय. गादीसमोर गेलो.

"मालक, माझा फॉर्म द्या."

"कसला फॉर्म?"

"फी माफीचा. शाळेतनं आणलेला."

मालकांचा चेहरा जरासुद्धा हलला न्हाय. "ते तुला काय करायचंय? मी हाय न्हवं? सौदा झालाय आपला. पंजा दाबलायस तू."

"कशाचा सौदा झाला, ते मोठ्यानं सांगा."

"काय?"

"काय घेतलं, काय दिलं, ते मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मी पाळतो."

चाळण्या थांबल्या. मालक व्यापाऱ्यांकडं बघायला लागले. सांगणार काय? की सरकारनं फुकट दिलेलं मी ह्याला विकलं? की बोर्डात ह्याला बसवून आमच्या मर्जीनं हात वर करायला लावणार?

"मग सौदा झालाच न्हाय," मी म्हणालो. माझा आवाज फाटला होता. पण बोललो.

आता मालक उठले. "महारड्या, चार बुकं शिकून मला शिकवतोस? तुझ्या आईला सांग, उद्यापासनं वखारीत पाय टाकायचा न्हाय."

आई बायकांतनं उठली. लुगडं झाडलं. तंबाखूची धूळ भसकन उडाली, व्यापारी शिंकायला लागले. आई म्हणाली, "उद्यापासनं कशाला? आत्ताच जातो की." आणि माझ्याआधी दाराबाहेर पडली.

वाटेत मला वाटलं, आता पोरानं पोटावर पाय आणला म्हणून रडंल. घर आलं तशी म्हणाली, "दुसरा कागद मिळतूय का बघ जा. हितं बसून काय करतूस?"

मी शाळेच्या दारात जाऊन उभा राहिलो. पहिल्या दिवशी हेडमास्तर मागच्या दारानं गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, फॉर्म संपले. तिसऱ्या दिवशी शाळा तपासायला इन्स्पेक्टर यायचा होता, आणि मी दारातनं हलत न्हवतो. तेव्हा फॉर्म सापडला, सही झाली. त्यांना माझी दया आली असं मी कधीच म्हणणार न्हाय.

आज मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हाय. आईला निपाणीतल्या एकाही वखारीनं काम दिलं न्हाय. पंजा फिरवणाऱ्याची आई म्हणून तिला दारातनं परत पाठवतात. ती सदलग्याकडं शेतात मजुरीला जाते. खोकला तसाच हाय. माझ्या शिक्षणाला काय किंमत पडली असं कुणी विचारलं, तर फी माफ होती असं मी सांगत न्हाय. आईचं काम पडलं, असं सांगतो.

कॉलेजवर बी माझा भरवसा न्हाय. ऑफिसातला कानडी कारकून माझ्यापुढच्या पोराला मानानं 'बर्री' म्हणून बोलावतो आणि मला 'बारो' म्हणून, 'ये रं' म्हणतात तसं. आमचे एक सर समतेवर तासभर सुंदर बोलतात आणि माझी वही टेबलावर ठेवायला सांगतात, हातात घेत न्हाईत. मी सगळं बघतो. सगळं लक्षात ठेवतो.

गेल्या महिन्यात ते वकील कॉलेजच्या पायरीवर भेटले. हसून म्हणाले, "अरे, झालं गेलं विसर. बोर्डाची जागा अजून तुझ्यासाठी ठेवलीय."

मी म्हणालो, "साहेब, त्या जागेला मी उभा राहणारच हाय. तुमच्या माणसाच्या विरुद्ध."

ते हसायचे थांबले. मी पायऱ्या चढून वर्गात गेलो.

बी.ए. झालो की जग बदलेल, असलं काही मला वाटत न्हाय. मामलेदार तर मला कुणी करणार न्हाय. कोपऱ्यातली खुर्ची मिळाली तरी पुष्कळ. पण राहीन तिथं जात सांगून राहीन, आणि खोली न्हाय मिळाली तर झाडाखाली झोपेन. बी.ए.नंतर कायदा शिकणार हाय. तंबाखूच्या धुळीत बायकांना बसवायचं, आणि तोंड उघडलं की हाकलायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं ते मला बघायचंय. नसंल बसत, तर पहिला अर्ज त्या वखारीवर करणार. इंग्रजीत लिहिणार. खाली माझं पूर्ण नाव, जातीसकट. आणि तो अर्ज मालकांपुढं मीच वाचणार, भर वखारीत, मोठ्यानं.