दाढी करणारा स्क्रॅपर

रस्ता सपाट करायला मी बनवलेल्या स्क्रॅपरवर पाच माणसं उभी होती आणि सहावा चढायला बघत होता. पुढे ट्रॅक्टरवर दिलीपबापू. मी त्यांच्याच घरी जेवायला गेलो होतो. हात धुऊन परत आलो तर हा तमाशा.

"दख मिस्तरी, आते कसं खोल जाई ऱ्हायनं," बापू वरूनच म्हणाले.

खोल जायला मी तो बनवलाच नव्हता.

शहाद्यात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, शेड, ट्रॉल्या, जे येईल ते. बापूंची केळी डांबरी रस्त्यापासून बरीच आत. मधला कच्चा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी पार उखडला होता. केळीचे व्यापारी शेठ म्हणाले, असल्या रस्त्यावर ट्रक आत येणार नाही. बापूंनी ट्रॉलीतून माल बाहेर काढावा तर घड एकमेकांवर आदळतात, डाग पडतात, आणि डागी माल शेठ घेत नाहीत. घड तर कापणीला आलेले. आणखी आठवडा गेला असता तर झाडावरच पिवळे पडले असते, आणि पिवळी केळी दिल्लीच्या गाडीत कोणी भरत नाही. जेसीबीवाला रोज "उद्या नक्की" म्हणत होता. शेवटी बापू माझ्याकडे आले. ट्रॅक्टर घरचा आहे, त्याला मागे लावायला काहीतरी करून दे, म्हणाले.

लोकांना वाटतं, ट्रॅक्टरच्या मागे एक आडवं पातं लावलं की रस्ता सपाट. तसं होत नाही. ट्रॅक्टरची पुढची चाकं उंचवट्यावर चढली की मागचं पातं खाली जातं आणि खड्डा करतं. चाकं उतरली की पातं वर उठतं आणि तिथे मातीचा ढीग सोडतं. म्हणजे एका उंचवट्याचे दोन होतात. म्हणून मी लांब चौकट केली. पाय नसलेली खाट समजा. दोन्ही बाजूंना चॅनेल, म्हणजे जाड लोखंडी पन्हाळी पट्ट्या, ते जमिनीवरून घसरत जातात. मध्ये दोन तिरपी पाती, चॅनेलच्या खाली फक्त बोटभर उतरलेली. पात्यांना ट्रकच्या चाकांवरच्या जुन्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पोलादी पाटे वापरले, ते लवकर झिजत नाहीत. असा स्क्रॅपर उंचवटा थोडा तासतो, ती माती पुढे नेतो आणि खड्ड्यात टाकतो. दर फेरीला थोडं. त्यात घाई चालत नाही.

सकाळी पहिली फेरी मारली. छान चालला. बापूंचं तोंड मात्र उतरलं.

"हाई ते नुसती दाढी करी ऱ्हायनं," ते म्हणाले. "ट्रॅक्टरले काहीच जड लागी नई ऱ्हायनं."

मी समजावलं की त्याचं कामच ते आहे. बापूंनी मान हलवली. पण सगळा जन्म नांगरटीत गेलेला माणूस. इंजिन कण्हल्याशिवाय काम झालं असं त्यांना वाटतच नाही. मी जेवायला वळलो आणि बापूंनी दोन गोष्टी केल्या. पहिली, टॉप लिंक फिरवली. टॉप लिंक म्हणजे ट्रॅक्टर आणि अवजार यांना वरून जोडणारा स्क्रूचा दांडा. तो आवळला की अवजाराचं नाक खाली जातं. दुसरी, ढेकळं फोडायच्या फळीवर माणूस उभा राहतो ना, तशी वजनाला माणसं उभी केली. बोलवावं लागलं नाही, म्हणे. रस्त्याने जाणारे आपणहून चढले.

पुढचं पातं वीतभर आत घुसलं. ट्रॅक्टर कण्हला. बापू सुखावले. मी पोचलो तोवर अर्धा रस्ता भुसभुशीत झाला होता. ठिबक अंथरलं असतं तर लागवड करता आली असती.

"बापू, तुमले रस्ता जोयजे का वावर?" मी विचारलं. मला खरंच राग आला होता. रस्ता होईल या भरवशावर दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा ट्रक येणार होता आणि माल सडला तर गावभर माझंच नाव होणार होतं.

बापू उत्तर देणार तेवढ्यात शेठचा फोन आला. बापूंनी स्पीकरवर घेतला. त्यांनी मघाशी या कामाचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला होता, तो शेठनी बघितला होता.

"वावर मस्त नांगरी ऱ्हायनात बापू," शेठ म्हणाले. "पण रस्तानं काय?"

पाचही माणसं स्क्रॅपरवरून उतरली. दोघांना घरची कामं आठवली.

मग मी कोणाला विचारलं नाही. टॉप लिंक सैल करून चौकट जमिनीला समांतर केली आणि स्वतः ट्रॅक्टरवर बसलो. एक गोष्ट बरी झाली होती, माती मोकळी झाली होती. दर फेरीला ती चाकोऱ्यांमध्ये पडत गेली. उरलेल्या माणसांना दगड वेचायला लावलं. संध्याकाळी टँकरने पाणी मारलं, आणि मग पुन्हा भरलेला टँकर रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चाकं सरकवत फिरवला. त्याने माती दबली. तोवर बापू बांधावर बसून होते.

सकाळी ट्रक रिकामा आत गेला. त्यात काही विशेष नव्हतं. खरी परीक्षा भरून येताना. बापू ट्रकपुढे उलटे चालत होते, दोन्ही हातांनी "येऊ द्या" करत. वळणावर डावं चाक थोडं रुतलं. ड्रायव्हरने ब्रेक मारला, खाली वाकून बघितलं. मग त्याने गियर टाकला आणि गाडी हळूच निघाली, थेट डांबरीपर्यंत. बापूंनी टोपी काढून डोळे पुसले. धूळ गेली म्हणाले. पाणी मारलेल्या रस्त्यावर धूळ नव्हती.

थोड्या वेळाने ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"यंत्र चांगलं शे," ते म्हणाले. "फक्त वजन जरासं कमी पडस."

त्यानंतर तसे आणखी स्क्रॅपर माझ्याकडून गेले. या धंद्यात मी एक शिकलो, अवजारात जे फिरतं ते गिऱ्हाईक फिरवतंच. म्हणून आता मी टॉप लिंक देतच नाही. ट्रॅक्टर बघून तिच्या जागी मापाची लोखंडी पट्टी कापतो, दोन्ही टोकांना भोक पाडतो, बस. परवा तळोद्याचा एकजण ती पट्टी उलटीपालटी करून बराच वेळ बघत होता. ही फिरवायची कुठून, त्याने विचारलं. फिरत नाही, मी सांगितलं. स्क्रॅपर त्याने नेला, पण नाराज होऊन. त्याचा रस्ता मात्र एकदम सपाट आहे.