खांबाआडचा वाल्मीक

पडदा वर जातो. समोर पौडच्या देवळाचा सभामंडप. साल एकसष्ट. तिरकं ऊन आत आलेलं, भिंतीला लाकडी तलवारी टेकवलेल्या, आणि मधोमध टोपी मुठीत चुरगाळत उभा असलेला गेणू. खांबाआड त्याचा जिवलग मित्र वाल्मीक.

जत्रेच्या नाटकात गेणू नायक आणि वाल्मीक प्रॉम्प्टर. गेणू अडला की खांबाआडून वाल्मीकने शब्द पुरवायचा. नाटक बसवायला दरवर्षी मला पुण्याहून बोलावत. त्या वर्षी मात्र गेणू म्हणाला, "मास्तर, आवंदा आदी माजी तालीम घ्या. मुलाखतीची."

व्यापार आणि व्यवस्थापन शिकवणारी एक संस्था पुण्यात नवीच निघाली होती. मॅट्रिक झालेल्यांसाठी तालुक्याला एकच जागा. मुलाखतीत विचारणार होते, शिकून काय करणार?

"काय करणार?" मी दरडावून विचारलं.

"नोकरी."

"ती तर पट्टेवालाही करतो! मनातलं बोल."

गेणू अंगठ्याने फरशी उकरत राहिला. मग म्हणाला, "ताम्हिणीची मान्सं दिसभर रानात हिंडून हिरडा गोळा करत्यात, आन् तो यापाऱ्याकडं मीठमिरचीच्या बदल्यात जातो. मला त्यांची सोसायटी काढायचीय. हिरडा आमीच सुकवू, आमीच मुंबईला धाडू."

मी मांडीवर थाप मारली. "हेच बोलायचं! पण 'हिरडा' म्हटलं की थांब. श्वास घे, वर बघ, मग पुढचं."

आठवडाभर तेच घोकलं. गेणू अडखळला की खांबाआडून वाल्मीक खिदळायचा, "मान्सं न्हाई रं, माणसं म्हण, गावंढ्या!"

मुलाखतीला आम्ही तिघं एसटीने गेलो. वाल्मीक म्हणे सोबतीला. व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. शिपायाने पहिलंच नाव पुकारलं, ते वाल्मीकचं.

तो उठला. गेणूकडे न बघताच म्हणाला, "मीबी टाकला व्हता अर्ज. सहज."

दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून खणखणीत आवाज आला. "ताम्हिणीची माणसं दिवसभर रानात हिंडून हिरडा..." आवाज थांबला. श्वास ऐकू आला. वर बघितलं असणारच. मग पुढचं.

बाकावर गेणूचे ओठ नुसतेच हलत होते. जणू वाल्मीक अडला तर शब्द तोच पुरवणार होता.

नंतर गेणू आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"काय रे?"

"त्यांनी इचारलं, शिकून काय करनार. मी म्हनलो, आत्ताच सांगितलं की तुमाला."

जागा वाल्मीकला मिळाली. परतीच्या एसटीत तो पुढे बसला, आम्ही मागे.

वाल्मीक वाईट नव्हता, असं मी आजही म्हणतो. जन्मभर तो दुसऱ्याची वाक्यं बोलत आला, आणि तीही कुजबुजत. मोठ्याने बोलायची संधी मिळाली तेव्हाही त्याच्यापाशी दुसऱ्याचंच वाक्य होतं. पण हे गेणूला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

पुढच्या जत्रेला वाल्मीक पँट घालून आला. आमच्या नाटकात प्रॉम्प्टरची जागा मानाची, एकदा धरली की कुणी काढून घेत नाही. तो सवयीने पुस्तक घेऊन खांबाआड उभा राहिला.

तिसऱ्या अंकात गेणू अडला. खांबाआडून शब्द आला. गेणू तसाच उभा. पुन्हा शब्द आला, जरा मोठ्याने. मग डोक्यावरचा मुकुट सावरत गेणू साऱ्या गावादेखत खांबाकडे वळला.

"पुस्तक मिट, वाल्या, आन् खाली जाऊन बस. आडलो तर आडलो. पर आता तुज्या तोंडचं नको."